वनस्पतींमधली नैसर्गिक विषं आणि पुरुषांची प्रजननक्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर प्रश्न पाठवणाऱ्यांत काही जण मूल होत नाही म्हणून काळजीत असतात, तर काही जण कुठेतरी काही वाचून घाबरलेले असतात. दोघांनाही हवं असतं एकच: नेमकं काय सिद्ध झालंय आणि काय नाही. तेच इथे सांगितलं आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वनस्पतीतलं ‘नैसर्गिक विष’ म्हणजे काय? रोजच्या भाजीपाल्यात, डाळी-धान्यात विष असतं का?

झाडाला जागा सोडून पळता येत नाही. त्यामुळे किडे, बुरशी आणि चरणारी जनावरं यांच्यापासून वाचण्यासाठी ते स्वतःच्या पेशींत तऱ्हेतऱ्हेची रसायनं तयार करतं. त्यातली काही आपल्याला नुसती कडू लागतात, काही औषध म्हणून उपयोगी पडतात, तर काही पुरेशा प्रमाणात पोटात गेली तर अपाय करतात. अपाय करणाऱ्यांना नैसर्गिक विषं म्हणतात. बाहेरून फवारलेली कीटकनाशकं यात येत नाहीत.

खाण्यायोग्य वनस्पतींतही अशी द्रव्यं असतात. पण ती बहुतेक वेळा इतकी थोडी असतात, किंवा रांधताना इतकी कमी होतात, की शरीराला काही फरक पडत नाही. म्हणून ‘यात विष आहे का’ एवढं विचारून भागत नाही. किती आहे, कोणत्या रूपात आहे आणि किती दिवस पोटात जातंय, हेही पाहावं लागतं.

२. खाल्लेल्या वस्तूचा शुक्राणूंवर परिणाम होतोच कसा?

मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट म्हणजे विष रक्तातून वृषणात पोचतं आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशींनाच इजा करतं. वृषणात रक्त आणि घडणारे शुक्राणू यांच्यामध्ये सर्टोली पेशींचा घट्ट पडदा असतो, तो बऱ्याच गोष्टी अडवतो, पण सगळ्या नाही. दुसरी वाट संप्रेरकांची. एखादं द्रव्य इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं किंवा टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक तयार करणाऱ्या एन्झाइमच्या कामात अडथळा आणतं. तिसरी वाट आडून जाते. यकृत, थायरॉइड किंवा मज्जासंस्था बिघडते आणि त्याचा फटका प्रजननाला बसतो.

या सगळ्यात वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. मूळ पेशीपासून पूर्ण शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यापुढे वृषणालगतच्या नलिकेतून प्रवास करत पक्व व्हायला आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणून आज खाल्लेल्या गोष्टीचा परिणाम उद्याच्या तपासणीत दिसत नाही, आणि आज सोडलेल्या गोष्टीचा फायदाही तीन महिने होईपर्यंत कळत नाही.

३. माणसांमध्ये खरोखर सिद्ध झालेलं एखादं उदाहरण आहे, की सगळे उंदरांवरचेच प्रयोग?

आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कापसाच्या बीत, म्हणजे सरकीत, गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. १९५०च्या दशकात चीनमध्ये असं लक्षात आलं की जिथे सरकीचं कच्चं, शुद्ध न केलेलं तेल रोजच्या स्वयंपाकात होतं, तिथल्या जोडप्यांना मुलं होईनाशी झाली होती. शोध घेताना बोट गॉसिपॉलवर आलं. मग तिथल्या संशोधकांनी उलटा विचार केला: हेच पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून वापरता येईल का?

१९७०च्या दशकात तिथे ८,००० हून अधिक पुरुषांना गॉसिपॉलच्या गोळ्या देण्यात आल्या. सुरुवातीला रोज २० मिलिग्रॅम, असे दोन-अडीच महिने, आणि शुक्राणू पुरेसे घटल्यावर कमी मात्रा. जवळजवळ सगळ्यांची शुक्राणूसंख्या मिलिलिटरमागे ४० लाखांच्या खाली गेली. गॉसिपॉल घडत्या शुक्राणूंच्या मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेवर, घाला घालतं. टेस्टोस्टेरॉनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे कामेच्छा, ताठरता, वीर्यस्खलन सगळं नेहमीसारखं राहतं आणि पुरुषाला स्वतःला काहीही जाणवत नाही. मला या साऱ्या कहाणीतली सर्वात गंभीर गोष्ट हीच वाटते.

पुढे दोन अडचणी आल्या. शेकडा एकाच्या आसपास पुरुषांमध्ये रक्तातलं पोटॅशियम इतकं घसरलं की हातपाय लुळे पडले. आणि गोळ्या थांबवल्यावरही काहींचे शुक्राणू परत आलेच नाहीत. वेगवेगळ्या अहवालांत हे प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून जास्त आहे. १९८०च्या दशकात चीनने हा प्रयोग गुंडाळला आणि १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही हे संशोधन सोडून द्यावं असं सांगितलं.

४. मग सरकीचं तेल खायचंच नाही का?

शुद्ध केलेलं, म्हणजे रिफाइंड सरकी तेल गॉसिपॉलच्या दृष्टीने सुरक्षित आहे. शुद्धीकरणात तेलावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया होते, तेव्हा गॉसिपॉल खाली बसणाऱ्या साबणासारख्या गाळात निघून जातं. कच्चं सरकी तेल गडद तांबूस-तपकिरी असतं आणि शुद्ध केलेलं फिकट पिवळं, हा रंगातला फरक मोठ्या प्रमाणावर गॉसिपॉलमुळेच पडतो.

धोका कच्च्या तेलात आहे. सरकी दाबण्याआधी चांगली गरम केली तर बरंचसं गॉसिपॉल पेंडीतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तेलात कमी उतरतं. गरम न करता दाबली तर तेलात जास्त येतं. ‘कमी प्रक्रिया म्हणजे जास्त आरोग्यदायी’ हा समज इतर काही तेलांबाबत चालून जाईल, सरकीबाबत तो चुकीचा आहे. इथे शुद्धीकरण हाच बचाव आहे.

सरकीचं पीठ किंवा प्रथिन खाण्यात वापरलं जातं तिथेही मर्यादा असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माणसांसाठीच्या सरकी-पदार्थांत मुक्त, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेल्या, गॉसिपॉलची मर्यादा ०.०४५ टक्के ठेवली आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांच्या गटाने असा कापूस तयार केला आहे की त्याच्या बीत गॉसिपॉल नगण्य असतं, पण पानाफुलांत राहतं, म्हणजे किडीपासूनचं संरक्षण जात नाही. त्या बियांना २०१९ मध्ये अमेरिकेत अन्न म्हणून वापरायला हिरवा कंदील मिळाला.

५. सरकी पेंड खाणाऱ्या जनावरांच्या दुधातून गॉसिपॉल आपल्यात येतं का?

काळजी करण्याइतकं नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, गॉसिपॉलचा मोठा भाग प्रथिनांना बांधला जातो आणि निकामी होतो. कोटीपोट पूर्ण वाढलेलं नसल्याने वासरांना मात्र ते बाधतं. पैदाशीच्या वळूंना मोठ्या प्रमाणात सरकी दिली तर त्यांच्या शुक्राणूंच्या मधल्या भागात दोष दिसतात. डुकरं आणि कोंबड्यांना कोटीपोट नसतं, म्हणून त्यांच्या खाद्यात सरकी जपून घालावी लागते.

६. मी व्यायाम करतो आणि रोज सोया प्रथिन घेतो. टेस्टोस्टेरॉन कमी होईल का?

सर्वात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. उत्तर आहे: नेहमीच्या प्रमाणात नाही.

सोयाबीनमध्ये जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लेव्होन असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती असल्याने ती शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या ग्राहींना, म्हणजे पेशींत जिथे इस्ट्रोजेन चिकटतं त्या जागांना, चिकटतात, पण त्यांचा जोर खऱ्या इस्ट्रोजेनच्या मानाने फार कमी असतो. २०२१ मध्ये ४१ वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा सोया किंवा आयसोफ्लेव्होन घेणाऱ्या पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये आणि इस्ट्रोजेनमध्ये अर्थपूर्ण बदल आढळला नाही. २०१० मधल्या अशाच एकत्रित विश्लेषणातही टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नव्हता.

सोयाबद्दलची भीती आली कुठून, तर बऱ्याच अंशी मेंढ्यांकडून. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांना पिल्लं होईनात. कारण निघालं त्या गवतातलं फॉर्मोनोनेटिन, तेही एक आयसोफ्लेव्होनच. पण त्या मेंढ्या दिवसभर दुसरं काहीच खात नव्हत्या, मात्रा प्रचंड होती, आणि नुकसान मुख्यतः माद्यांचं झालं होतं.

७. पण सोयामुळे शुक्राणू कमी झाले, एका माणसाचे स्तन वाढले, असं वाचलं. ते खोटं आहे का?

खोटं नाही, पण अर्धंच सांगितलं जातं. २००८ मध्ये वंध्यत्व केंद्रात आलेल्या ९९ पुरुषांचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वात जास्त सोया खाणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता कमी होती. मात्र त्यांची हालचाल आणि आकार यांत फरक नव्हता. सहभागी थोडे, तेही आधीच वंध्यत्वासाठी तपासणीला आलेले, आणि काय खाल्लं ते आठवून सांगितलेलं. अशा अभ्यासातून शंका निघते, निकाल लागत नाही.

स्तनवाढीची घटना ६० वर्षांच्या एका गृहस्थांची आहे. ते रोज जवळजवळ तीन लिटर सोया दूध पीत होते. ते बंद केल्यावर त्रास ओसरला. यातून कळतं ते इतकंच की अतिरेक केला तर सोयाचं इस्ट्रोजेनसारखं वागणं खरोखर अंगावर येऊ शकतं. दिवसाला एक-दोन वेळा सोया पदार्थ खाणाऱ्याला ते लागू होत नाही. ज्यांच्या वीर्यतपासणीत आधीच संख्या कमी आहे, त्यांनी आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या टाळाव्यात. जेवणातलं सोया सोडण्याची गरज नाही.

८. आमच्या मुलाला लहानपणी सोयाची दूधभुकटी पाजली होती. मोठेपणी त्याला त्रास होईल का?

पालकांची ही चिंता समजण्यासारखी आहे, कारण तान्ह्या बाळाचं सगळं पोट त्या एकाच गोष्टीवर असतं आणि वजनाच्या मानाने आयसोफ्लेव्होन खूप जास्त जातात. दिलासा देणारी गोष्ट अशी की २००१ मध्ये २० ते ३४ वर्षांच्या ८११ तरुण-तरुणींचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना बालपणी सोया फॉर्म्युला (बाळांसाठीची सोयाची दूधभुकटी), तर इतरांना गाईच्या दुधावर आधारित फॉर्म्युला दिलेला होता. दोन गटांतल्या पुरुषांमध्ये वयात येणं किंवा प्रजनन यांत ठळक फरक आढळला नाही. पुढच्या बाळासाठी निवड करायची असेल, तर वैद्यकीय कारण असल्याशिवाय सोया फॉर्म्युला देऊ नये, असं मला वाटतं.

९. गरोदरपणी आईने शाकाहार केला, सोया खाल्लं, तर मुलाच्या जननेंद्रियात दोष येतो का?

हा प्रश्न २००० साली आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासामुळे विचारला जातो. शाकाहारी मातांच्या मुलग्यांमध्ये हायपोस्पेडियास, म्हणजे मूत्रमार्गाचं तोंड शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूला असणं, जास्त आढळलं होतं. सुमारे ८,००० मुलग्यांत अशी ५१ मुलं होती. एवढ्या थोड्या मुलांवरून कारण ठरवणं कठीण असतं. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, काहींत तर वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन (सोयातल्या आयसोफ्लेव्होनसारखी द्रव्यं) जास्त घेणाऱ्या मातांच्या मुलग्यांत हा दोष कमी दिसला. शाकाहारी मातांनी स्वतःला दोष देण्याचं काही कारण नाही.

१०. खोकल्यासाठी ज्येष्ठमध घेतो. त्याने पुरुषत्व कमी होतं म्हणतात, खरं का?

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिक आम्ल टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. १९९९ मध्ये इटलीत सात निरोगी पुरुषांना आठवडाभर रोज अर्धा ग्रॅम ग्लिसिरायझिक आम्ल मिळेल इतका ज्येष्ठमध दिला, तेव्हा टेस्टोस्टेरॉन घसरलं आणि थांबवल्यावर पुन्हा वर आलं. नंतरच्या प्रयोगांत घट इतकी मोठी आढळली नाही.

घसा बसल्यावर दोन-चार दिवस तुकडा चघळण्याने काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने रोज चूर्ण, काढा किंवा ज्येष्ठमधाच्या गोळ्या खाणं मात्र टाळा, आणि तेही टेस्टोस्टेरॉनपेक्षा रक्तदाबासाठी. ज्येष्ठमधाने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

११. पुदिन्याने कामेच्छा कमी होते का?

नर उंदरांना पुदिन्याचा चहा पाजून केलेल्या प्रयोगांत वृषणात बदल दिसले. केसांची अवाजवी वाढ असलेल्या स्त्रियांमध्ये विशिष्ट जातीच्या पुदिन्याच्या चहाने मुक्त टेस्टोस्टेरॉन थोडं घटलं. निरोगी पुरुषांची कामेच्छा किंवा शुक्राणू जेवणातल्या पुदिन्याने घटतात, असं दाखवणारा पुरावा नाही. खुशाल खा.

१२. पपईच्या बिया, कडुनिंबाचा रस यांनी शुक्राणू मरतात का? गर्भनिरोधक म्हणून चालतील का?

पपईच्या बियांवर राजस्थान विद्यापीठात बरीच वर्षं काम झालं. बियांचा अर्क दिलेल्या नर वानरांच्या वीर्यातले शुक्राणू नाहीसे झाले आणि अर्क थांबवल्यावर परत आले. हा क्लोरोफॉर्म वापरून काढलेला तीव्र अर्क होता, ताटातल्या बिया नव्हेत. कडुनिंबाच्या पानांच्या अर्काचे परिणाम उंदरांत दिसले आहेत, आणि कडुनिंबाचं तेल काचेच्या नळीत शुक्राणूंना मारतं.

यावर विसंबून गर्भनिरोध करू नका. किती बिया खाल्ल्या की किती दिवसांनी परिणाम होतो, सगळ्यांना सारखा होतो का, बंद केल्यावर पूर्वपदावर येतं का, यातल्या एकाचंही उत्तर माणसांबाबत सिद्ध झालेलं नाही. नको असलेली गर्भधारणा राहील, आणि शरीरावर नसता प्रयोग होईल तो वेगळाच. उलट, मूल हवं असताना कुणी पोट साफ होण्यासाठी रोज चमचा-चमचा बिया किंवा पेलाभर कडुनिंबाचा रस घेत असेल, तर त्याने ते थांबवावं. गॉसिपॉलच्या गोळ्याही गर्भनिरोधक म्हणून घेऊ नका, कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

१३. कसावा, कडू बदाम, कोबी यांचा काही संबंध?

थेट नाही. कसाव्याच्या (साबुदाणा ज्यापासून बनतो त्या झाडाच्या) कच्च्या कंदात आणि कडू बदामात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. त्यांचा पहिला वार जिवावर आणि मज्जातंतूंवर असतो, शुक्राणूंचा विचार फार पुढचा. नीट न रांधलेला कसावा दीर्घकाळ खाल्ला आणि आहारात आयोडीन कमी असेल, तर थायरॉइड बिघडतो, आणि थायरॉइड बिघडला की कामेच्छा आणि शुक्राणू दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. कोबी-फ्लॉवरचा प्रश्नही थायरॉइडचाच; आयोडीन पुरेसं असेल तर ते शिजवून खाण्याची चिंता नको.

१४. भिजवून, शिजवून विष निघून जातं ना?

द्रव्यानुसार उत्तर बदलतं. सायनाइड सोडणारी द्रव्यं किसणं, भिजवणं, आंबवणं आणि पाणी फेकून शिजवणं यांनी खूप कमी होतात. गॉसिपॉल उष्णतेने प्रथिनांना बांधलं जातं, पण घरच्या कढईत कच्चं तेल तापवणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे (प्रश्न ४). आयसोफ्लेव्होन शिजवून जात नाहीत, आणि जायची गरजही नाही (प्रश्न ६).

१५. वनौषधी तर नैसर्गिक असतात, मग त्यांची भीती कशाला?

कारण या पानावरची सगळी विषं नैसर्गिकच आहेत. माझ्या मते खरा धोका जेवणाच्या ताटापेक्षा चूर्ण, अर्क आणि कॅप्सूलमध्ये जास्त आहे, कारण तिथे द्रव्य एकवटलेलं असतं आणि महिनोन्‌महिने घेतलं जातं.

ठळक उदाहरण ट्रिप्टेरिजियम या चिनी वेलीचं. संधिवातासाठी तिचा अर्क देतात आणि तो घेणाऱ्या पुरुषांचे शुक्राणू घटतात, त्यांची हालचाल मंदावते, हे रुग्णांमध्येच दिसून आलं आहे. दुसरं उदाहरण कळलावीचं. तिच्या कंदात कोल्चिसीन असतं. कंद रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. हेच कोल्चिसीन शुद्ध आणि मोजक्या मात्रेत वातरक्तावरचं (गाऊटवरचं) औषध आहे. औषध म्हणून घेणाऱ्या बहुतेकांच्या शुक्राणूंवर परिणाम होत नाही, क्वचित कुणाचे कमी झाल्याची नोंद आहे. तुम्हाला ते लिहून दिलेलं असेल तर मनाने बंद करू नका. मूल हवं आहे असं डॉक्टरांना सांगा, ते वीर्यतपासणी करून ठरवतील.

१६. बुरशी आलेल्या मक्यातलं विष यातच मोडतं का?

नाही, ते बुरशीचं विष, वनस्पतीचं नव्हे. पण प्रश्न योग्य आहे. मका-गव्हावर येणाऱ्या फ्युसॅरियम बुरशीचं झिअरॅलेनोन हे द्रव्य इस्ट्रोजेनसारखं वागतं आणि डुकरांमध्ये त्याने प्रजननाच्या स्पष्ट तक्रारी होतात. ते शिजवण्याने पुरतं जात नाही. बुरशी दिसलेलं धान्य निवडून, धुऊन वापरू नका, टाकून द्या.

१७. बिअरमध्ये इस्ट्रोजेन असतं, म्हणून ती वाईट का?

बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्समध्ये प्रभावी वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन असतं, पण पेल्यात ते अगदी थोडं उतरतं. जास्त मद्यपानाने टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्ही घटतात ते अल्कोहोलमुळे. हॉप्स नसलेलं मद्यही तितकंच वाईट.

१८. माझी शुक्राणूसंख्या कमी आली आहे. आहारातून काय काय काढून टाकू?

आधी तपासणी पुन्हा करा. दोन ते सात दिवस स्खलन न होऊ देता नमुना द्यायचा असतो, आणि ताप, आजारपण किंवा नमुना अर्धवट गोळा होणं यानेही आकडा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालची संदर्भमर्यादा मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल अशी आहे. त्याखाली आकडा गेला म्हणजे मूल होणार नाही असं नाही.

कच्चं सरकी तेल आणि दीर्घकाळ चालू असलेली चूर्णं-अर्क एवढं थांबवा. बाकी जेवणातून एकेक पदार्थ काढत बसू नका. मी पाहतो ते असं, की पुरुष सोया, पुदिना सोडून तीन-तीन महिने वाट बघतात आणि तेवढ्यात डॉक्टरांकडे जायचं राहून जातं. अंडकोशातल्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांपैकी ३५ ते ४० टक्क्यांत सापडतात आणि अनेकदा त्यावर उपचार होऊ शकतात. तंबाखू, अति मद्यपान आणि वृषणांना सतत मिळणारी उष्णता यांचाही वाटा असतो. व्यायामशाळेत दिली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर शुक्राणूंचं उत्पादन अक्षरशः बंद पाडू शकतात, कारण बाहेरून संप्रेरक मिळालं की मेंदू वृषणांना काम करायचा संदेश देणं थांबवतो.

पत्नीची तपासणीही त्याच वेळी सुरू करा, एकामागून एक नको. डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या प्रत्येक गोळीचं, पावडरीचं आणि चूर्णाचं वेष्टन सोबत न्या. इंजेक्शन घेतलं असेल तर संकोच न करता सांगा. पुढची तपासणी बदल केल्यापासून तीन महिन्यांनी करा, त्याआधी केलेली तपासणी जुन्याच शुक्राणूंची असेल (प्रश्न २).